बालेकिल्ला म्हणजे 'लहान किल्ला' का? दिवाळीच्या किल्ल्यावरून घरात भांडण

लेआउटवाली_आई
नमस्कार मंडळी, प्रश्न एवढासा आहे पण त्यावरून आमच्याकडे दोन दिवसांपासून महाभारत सुरू आहे म्हणून इथे टाकते.

आमच्या लेआउटमधल्या पोट्ट्यांनी ओपन प्लॉटवर दिवाळीचा किल्ला केलाय. फुटक्या विटा, तीन पोती, वरून काळी माती आणि त्यावर अळीव, म्हणजे नेहमीचंच. माती वाळून जागोजागी भेगा पडल्यात तं म्हणे तोफेचे गोळे लागले असं सांगू. मग खराट्याच्या काड्यांना चिठ्ठ्या चिकटवून नावं दिली, महादरवाजा, बुरूज, तटबंदी, पाण्याचं टाकं. सगळं ठीक. पण मोठ्या किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांनी अजून एक वीतभर किल्ला केला, त्यावर मावळे पण सगळ्यात लहानवाले उभे केले, आणि त्याच्यावर चिठ्ठी लावली 'बालेकिल्ला'. मी विचारलं हे काय, तं माझी लेक म्हणते अगं बालवाडी, बालगीत, बालनाट्य, तसा बालेकिल्ला, म्हणजे लहान किल्ला.

मी हसले, पण बरोबर काय ते मलाही सांगता येईना. सासरे म्हणतात बल वरून आलाय, बळकट किल्ला. नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला बालेकिल्ला म्हणजे हमखास निवडून यायची सीट. आणि समोरच्या ब्लॉकमधले काका संध्याकाळी फिरायला जाताना किल्ल्याजवळ थांबले, "चिठ्ठी वर लावा रे" एवढंच बोलले आणि पुढे निघून गेले. वर काहून ते सांगितलंच नाही!

तर नेमका अर्थ काय, शब्द आला कुठून, आणि आपल्या नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डीच्या) किल्ल्याला बालेकिल्ला आहे का हे कोणी सांगेल का? पोट्टे तिथे न्या म्हणून मागे लागलेत.

खामल्याचा_खवय्या
सासरेबुवा बरोबर आहेत ताई. बल, बलाढ्य, बलवान, त्यातलाच बाले. सगळ्यात बळकट भाग तो बालेकिल्ला. यात विचारण्यासारखं काय आहे, संस्कृत आहे सरळ. लावा चिठ्ठी कुठेही आणि फराळाला बोलवा.

गडवेडा_मनीषनगर
खवय्या भाऊ, बळकट असतो हे खरं पण शब्द त्यावरून नाही आला. समोरचे काका बरोबर आहेत, त्यांना माझा नमस्कार सांगा.

'बाला' हा फारसी शब्द, अर्थ वर, वरचा, उंचावरचा. आणि किल्ला म्हणजे मूळ अरबी 'कल्आ', तो फारसीतून आपल्याकडे आला. म्हणजे बाला किल्ला, वरचा किल्ला, बस इतकंच. लहानमोठा, बळकट-कमजोर याचा काही संबंध नाही, शब्द फक्त जागा सांगतो. हिंदीत तो बाला किला असाच राहिला, राजस्थानात अलवर शहराच्या वर डोंगरावर जो किल्ला आहे त्याचं नावच बाला किला, आपल्या तोंडात बसताना बाले झाला. गंमत म्हणजे अलवरच्या त्या किल्ल्याचा अर्थ काही टुरिस्ट साईटवर चक्क 'तरुण किल्ला' असा दिलेला असतो, म्हणजे तुमच्या लेकीसारखा विचार करणारे मोठे लोकही आहेत, तिला रागावू नका.

काबूलला बाला हिसार आहे, पेशावरला बाला हिसार आहे. हिसार म्हणजे कोट, वेढा (हरियाणातलं हिसार शहर त्यातलंच, फिरोजशाह तुघलकाने १३५४ मध्ये वसवलेलं). आणि इतकं लांब कशाला जायचं, नागपूरकर हैदराबादला जातातच. गोवळकोंड्याला फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली गाईड टाळी वाजवतो आणि ती पार वर टोकावर ऐकू येते म्हणून सगळे अर्धा तास टाळ्या पिटत बसतात नं, ती वर जिथे ऐकू येते ती जागा म्हणजे बाला हिसार. मी स्वतः वर उभा राहून ऐकलीय, खाली भाऊ टाळी वाजवत होता आणि फोनवर विचारत होता आली का आली का, आता फोन चालू असताना टाळी कशातून आली हे काय डोंबल कळणार.

मी मूळचा पुण्याकडचा, नोकरीमुळे नागपुरात, त्यामुळे उदाहरण राजगडचंच देणार, सवय जात नाही. राजगड चढून गेलात की थकून भागून एका मोठ्या सपाटीवर येता, ती पद्मावती माची. अशा तीन माच्या आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, तीन बाजूंना पसरलेल्या. आणि मध्ये त्यांच्यावर अजून एक डोंगरच उभा दिसतो, नवीन माणूस तिथे मान वर करून म्हणतो अरे अजून चढायचंय? तो बालेकिल्ला. शेवटचा टप्पा कातळातला, आता रेलिंग आहे पण तरी हात-पाय दोन्ही वापरावे लागतात, समोरून कोणी उतरत असेल तर एकाने थांबायचंच. एका वेळी एकच माणूस चढू शकतो अशी वाट ठेवली तीच मुळात शत्रूसाठी.

माची हा शब्द पण याच जोडीतला. माची म्हणजे मंच, शेतात राखणीला बांधतात ते मचाण त्याच घरातलं. आधी माची, तिच्यावर बालेकिल्ला. माची पडली म्हणजे किल्ला गेला असं नव्हे. १६६५ ला पुरंदरला मुघल सरदार दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला, मग पुरंदरच्या माचीवर घुसला, मुरारबाजी तिथेच लढताना पडले, तरी वर बालेकिल्ला भांडतच होता. पुढे जूनमध्ये तह झाला आणि २३ किल्ले द्यायचे ठरले त्यात पुरंदरही गेला. म्हणजे बालेकिल्ला लढाईत पडला नाही, तहात गेला.

वऱ्हाडी_झटका
वा गडवेडा भाऊ, पुरंदर राजगड सांगून राह्यले ते ठीक हाय पण आमचं वऱ्हाड काहून विसरले? बाला शब्द पाहाले अफगाणिस्तानात जाची गरजच नाही राजेहो.

जुन्या कागदात वऱ्हाडाचे दोन भाग लिहेल असतात. एक पाईनघाट अन् दुसरा बालाघाट. पाईन म्हंजे खालचं, बाला म्हंजे वरचं, दोन्ही फारसी. पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सपाट मुलुख, आमचं अकोला, अमरावतीकडलं, तो पाईनघाट, घाटाच्या खालचा. अन् दक्षिणेले घाट चढून गेलं का बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडचं जे पठार लागते ते बालाघाट. आजही बुलढाण्याकडे लोक घाटावरचा अन् घाटाखालचा म्हणतात, सोयरीक जोडताना आधी हेच विचारतात. तिकडे बीडकडे बालाघाटचे डोंगर हायेत ते बी त्यातलेच. तं बालाघाट तसा बालेकिल्ला. तुमच्या पोट्टीले सांगा का बालाघाट म्हंजे लेकराचा घाट नाही.

अन् हे पाहा आता. बालाबाल हा शब्द आपण रोज वापरतो. "त्यानं बालाबाल सौदा करून टाकला." बालाबाल म्हंजे वरच्यावर, परस्पर, तुमच्या डोक्यावरून, तुमाले पत्ता लागू न देता. तोच बाला. माह्या चुलत्यानं सामाईक विहिरीवरची मोटर बालाबाल इकली होती, तवा माह्या बापानं हा शब्द इतक्या वेळा म्हटला का मले तो पाठच झाला, पण त्याचा अन् बालेकिल्ल्याचा आजा एकच हाय हे मले लय उशिरा समजलं. बोलबाला बी तोच. बोल बाला, म्हंजे ज्याचा शब्द वर.

फक्त बालंबाल बचावला यातला बाल वेगळा बरं का, तो केसाचा. एका केसानं वाचला तो. दोन्ही एकात घालू नका नाही तं परत बालवाडीत जाल.

लेआउटवाली_आई
अगं बाई, बालाबाल! हे मी रोज ऑफिसात म्हणते, आमच्याकडे रजा सगळ्या बालाबालच मंजूर होतात. आज जेवताना सासऱ्यांना सांगितलं, ते म्हणाले "हं" आणि वरण मागितलं, म्हणजे पटलंय पण मान्य नाही.

पण मग शंका आली. बालेकिल्ला म्हणजे वरचा, हे डोंगरी किल्ल्याला ठीक आहे. जो किल्ला सपाटीवर आहे त्याला वरचा कुठून येणार? आणि नवऱ्याचा पेपरवाला बालेकिल्ला? विदर्भ अमक्याचा बालेकिल्ला, नागपूर तमक्याचा बालेकिल्ला, यात कोणी वर कुठे बसलेलं नाही.

निवृत्त_डेस्क
तीसेक वर्षं पेपराच्या डेस्कवर काढली, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे, कबूल करून टाकतो.

निकालाच्या रात्री मथळे द्यायला वेळ नसतो. दोन कॉलमात बसेल असा, जोरदार, आणि कालच्यापेक्षा वेगळा शब्द पाहिजे. मग सगळा दारूगोळा किल्ल्यावरून यायचा. बालेकिल्ला ढासळला, बालेकिल्ला राखला, बालेकिल्ल्याला खिंडार, बालेकिल्ल्याला सुरुंग. एकदा एकाच पानावर तीन बालेकिल्ले आले होते आणि तिन्ही पडलेले होते, सकाळी संपादकांनी लाल पेनाने गोल करून पान माझ्या टेबलावर ठेवलं, बोलले काहीच नाहीत.

खरं तर खिंडार पडतं ते तटाला. तोफा लावायच्या, एकाच जागी मारा करायचा, भिंत ढासळून वाट झाली की ते खिंडार. बालेकिल्ल्याशी गाठ पडते ती त्यानंतर. म्हणजे 'बालेकिल्ल्याला खिंडार' याचा अर्थ बाहेरचं सगळं आधीच गेलंय आणि आता शेवटची भिंतही फुटली, बातमी मात्र असायची एक नगरसेवक पक्ष सोडून गेल्याची. सुरुंग शब्दाची मजा वेगळीच. अभ्यासक मानतात की तो ग्रीक 'सिरिंक्स', म्हणजे बासरी, नळी, त्यावरून संस्कृतात सुरुंगा झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो आहे. म्हणजे मथळ्यातल्या तीन शब्दांत ग्रीक, अरबी आणि फारसी, मराठी फक्त 'ला'.

आता ताईंची शंका. बालेकिल्ला वर असायचा म्हणून शेवटपर्यंत टिकायचा, आणि शेवटपर्यंत टिकायचा म्हणून 'हक्काची, पडणार नाही अशी जागा' हा अर्थ त्याला चिकटला. उंची गळून गेली, भरवसा राहिला. मतदारसंघ सपाट असला तरी चालतो तो त्यामुळे.

सपाटीवरच्या किल्ल्यात आतल्या कोटाला वेगळा शब्दही होता. विजापूरला शहराभोवती मोठा तट आणि आत राजवाड्यांचा वेगळा कोट, त्याला म्हणतात अर्ककिल्ला. फारसी 'अर्ग' म्हणजे राजाचा आतला कोट. इराणात बाम गावचा मातीचा प्रचंड अर्ग होता, २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात पार कोसळला. त्या रात्री ती बातमी लावताना अर्ग म्हणजे काय हे डेस्कवर कोणालाच ठाऊक नव्हतं, आम्ही 'प्राचीन किल्ला' लिहून मोकळे झालो.

आणि तुमच्या लेकीची बाजू घेऊन एक सांगतो. बालेकिल्ल्याला इंग्रजीत सिटाडेल म्हणतात, तो इटालियन 'चित्तादेल्ला', चित्ता म्हणजे शहर आणि त्याचं लाडिक रूप, म्हणजे छोटं शहर, शहरलं म्हणा. तर बालेकिल्ला म्हणजे लहान काहीतरी हे तिचं म्हणणं मराठीत चुकलं तरी इटलीत चाललं असतं. ग्रीकांचं अ‍ॅक्रोपोलिस मात्र आपल्यासारखं, अ‍ॅक्रो म्हणजे टोकावरचं, पोलिस म्हणजे नगर. अथेन्सचा बालेकिल्लाच तो.

खामल्याचा_खवय्या
बरं बाबा हरलो, बल मागे घेतो. पण मग बाल्कनी पण यातलीच ना? बालाखाना म्हणजे वरची खोली, त्याची बाल्कनी झाली, मी कुठेतरी वाचलंय, नक्की.

गडवेडा_मनीषनगर
वाचलं असेल, खूप ठिकाणी लिहिलेलं आहे, पण चूक आहे. बालाखाना हा फारसी शब्द खरा, अर्थही वरचा मजला हा खरा, पण बाल्कनी आली इटालियन 'बाल्कोने' वरून आणि त्याच्या मुळाशी जर्मन बाजूचा तुळई, वासा अशा अर्थाचा शब्द आहे. भिंतीतून पुढे काढलेल्या वाशांवर ती उभी असते म्हणून. दिसायला सारखे, नातं काही नाही. बुरूज आणि बुर्ज खलिफा हे मात्र खरंच एक आहेत, अरबी बुर्ज. पुढच्या वर्षी पोट्ट्यांना सांगा एक बुरूज १६३ मजल्यांचा करा.

वऱ्हाडी_झटका
खवय्या भाऊ आज दोनदा आउट 😄

बर्डीवाला
बर्डीचा प्रश्न मधेच राहून गेला, तो माझ्या हिश्श्याचा. जन्म बर्डीतला, लहानपणी पतंग कटून किल्ल्याच्या बाजूला गेली की गेलीच समजायची, आत मिलिटरी.

बर्डीच्या किल्ल्याला बालेकिल्ला नाही ताई. आणि कारण सोपं आहे, तो त्या जातीचा किल्लाच नाही. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई सुरू झाली तेव्हा तिथे किल्ला नव्हताच, नुसत्या दोन टेकड्या होत्या, एक मोठी एक लहान. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, जेंकिन्स टेकड्यांच्या पायथ्याशी रेसिडेन्सीत राहायचा, म्हणून त्यांनी टेकड्या धरल्या. रात्रभर गोळीबार, २७ ला सकाळी भोसल्यांकडच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली पण, आणि तिथून मोठीवर तोफ डागायला लागले. मग इंग्रजांकडच्या कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाचा हल्ला, त्यात टेकडीवर दारूगोळ्याची गाडी उडाली, गोंधळ झाला आणि टेकडी परत इंग्रजांकडे गेली. किल्ला बांधला तो हे सगळं झाल्यावर, त्यांनीच, परत अशी वेळ येऊ नये म्हणून. म्हणजे माची, बालेकिल्ला, राजवाडा असा थर तिथे शोधू नका, ती पलटणीची चौकी.

शहर मात्र नंतरही लढलं. डिसेंबरमध्ये इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आपल्या महाल भागातल्या गांधी गेटवर, २४ तारखेला हल्ला केला तो फसला. अरब आतून हलले नाहीत, शेवटी अटी ठरवून बाहेर पडले. जिथून ऑटोवाले हॉर्न मारत घुसतात तिथे हे झालंय, पण बोर्ड वाचायला थांबलं तर मागचा शिव्या देतो.

पोट्ट्यांना बालेकिल्ल्यासारखं काही खरोखर दाखवायचं असेल तर चिखलदऱ्याला न्या, गाविलगड. भोसल्यांचाच होता. तिथे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग आहेत. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या लोकांनी तोफा डोंगरावर ओढून नेल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं (डेस्कवाले साहेब, हे खरं खिंडार) आणि १५ तारखेला आत घुसले. आत गेल्यावर पाहतात तर समोर अजून एक भिंत, तिला खिंडार नाही, दरवाजा बंद. मग कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मेला. दोन दिवसांनी, १७ ला, देवगावचा तह. वरचा असो की आतला, शत्रूला वाटावं जिंकलो आणि समोर परत भिंत दिसावी, कामच ते त्याचं.

बर्डीचा किल्ला पाहायचाच असेल तर २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच लोकांना आत सोडतात. लाईन मोठी असते, सकाळीच जा आणि पाण्याची बाटली घ्या, वर सावली कमी आहे.

लेआउटवाली_आई
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, फराळाला खरंच या.

रिपोर्ट देते. संध्याकाळी सगळा धागा पोट्ट्यांना वाचून दाखवला. गाविलगडाची शिडी त्यांना सगळ्यात आवडली, लगेच आइस्क्रीमच्या काड्यांची शिडी करून तटाला लावली. लेकीने थोडी कुरकुर केली पण चिठ्ठी काढली आणि अगदी वर झेंड्याजवळ खोचली, खोचताना तिथली माती भसकन खाली आली म्हणून झेंड्याच्या काडीलाच दोऱ्याने बांधली. समोरचे काका फिरून परत येत होते, थांबले, चष्मा वर करून पाहिलं, मान हलवली. मी विचारलं काका तुम्हाला फारसी येतं का? ते म्हणाले "नाही हो, मी गड चढलोय, गुडघे होते तेव्हा."

आणि खालचा तो वीतभर किल्ला मोडायला कोणी तयार नाही. अर्धा तास मीटिंग झाली त्यांची. आता त्याच्यावर नवीन चिठ्ठी आहे, वऱ्हाडी भाऊ तुमच्यामुळे, स्केचपेनने ठळक लिहिलंय 'पाईनकिल्ला'.